फोटो पाहा

ज्या वर्षी नीळकंठरावांच्या मुलीचे, आभाचे, लग्न झाले, त्याच वर्षी मी पांढरकवड्याला आलो. लग्न वैशाखात झाले, २००३ साली. मांडव उतरला, भाड्याची भांडी परत गेली, आणि ज्या खोलीत लग्नाचे लाडू ठेवले होते त्या खोलीत मला आणून ठेवले. कित्येक दिवस माझ्या टेबलाच्या पायांशी मुंग्या येत होत्या.

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. आता माझ्यावर फुलांचे कापड टाकलेले असते आणि त्या कापडावर कोणीतरी पाण्याची बाटली ठेवते. तुमच्या शाळेची सहल इथे आली की तुम्ही कापड उचलून पाहता आणि म्हणता, "केवढा हा डबा!" मला राग येत नाही. मी डबाच आहे. पण या डब्यातून एकदा एक गोष्ट गेली, ती तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म एका जागी झाला नाही. नागपूरच्या एका दुकानात माझे भाग जोडले. पडदा एकीकडचा, पेटी दुसरीकडची, आणि कळफलक तिसरीकडचा. दुकानदाराने पेटी बंद करताना सांगितले, "एकशे अठ्ठावीसची मेमरी टाकली आहे. पुष्कळ झाली." नंतर मला गोणपाटात गुंडाळून हैदराबाद रस्त्याच्या एका ट्रकवर चढवले. ट्रकवाल्याने माझ्या खोक्यावर आपली पोळीभाजी ठेवली होती. तेवढा एक प्रवास मी केला. त्यानंतर मी या खोलीबाहेर गेलो नाही.

नीळकंठराव शेतकी शाळेत मास्तर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत एक काम सुरू केले आणि दारावर पाटी लावली, 'बीजघर'. त्या वर्षांत कापसाचे दिवस वाईट होते. जिकडे तिकडे पाकिटातले नवे बियाणे आले होते, आणि जुने गावरान वाण एकेक करून नाहीसे होत होते. कोणाच्या आजीच्या मडक्यात मूठभर, कोणाच्या आढ्याला टांगलेल्या तुंब्यात पसाभर, एवढेच उरले होते. नीळकंठराव म्हणत, "बी आपण जमा नाही करायचं. ज्याच्या घरी आहे त्याच्याच घरी राहू द्यायचं. आपण फक्त लिहून ठेवायचं, कोणतं बी, कोणाकडे, कोणत्या गावी. कोणाला पाहिजे असलं की त्याला त्या घरी पाठवायचं."

म्हणजे बीजघरात बी नव्हते. फक्त नोंद होती, आणि ती माझ्यात होती.

नोंद करायचे काम केतकीकडे होते. केतकी ही नीळकंठरावांची सून, ढाणकीची. तिने संगणकाचा वर्ग केला होता. तिने माझ्यात एक फॉर्म तयार केला. फॉर्म म्हणजे पडद्यावरचा छापील कागदच समजा. त्यात चौकोन असतात. नाव, गाव, बियाण्याचे नाव, शेवटचे कधी पेरले, आणि उजव्या हाताला फोटोचा मोठा चौकोन. केतकीने फॉर्मला फिकट पिवळा रंग दिला आणि वर कापसाच्या बोंडाचे चित्र काढले. ते बोंड जरा वांग्यासारखे दिसत होते, पण कोणी तिला तसे म्हटले नाही.

माझे ते चांगले दिवस होते. लोक चपला बाहेर काढून आत येत. दसऱ्याला शोभाताईंनी, म्हणजे नीळकंठरावांच्या पत्नीने, माझ्या पेटीला हळदकुंकू लावले. पडद्याला लावू नका, असे केतकीने तीनदा सांगितले होते, तरी एक बोट लावलेच. तांड्यावरचा रूपसिंग तुरीची नोंद करायला आला, तेव्हा आपले नाव पडद्यावर पाहून म्हणाला, "म्हंजे मी मेलो तरी यात राहीन का?"

"राहाल की," केतकी म्हणाली.

"मंग बायकोले सांगू नका. थे म्हणन, तिथूनबी खोडा."

सगळे हसले. मी तेव्हा गुणगुणत होतो. माझ्या पेटीतला पंखा तसा आवाज करत असे.

*

तानाबाई पहिल्यांदा आल्या त्या २००४ च्या पावसाळ्यात. त्या मुकुटबनच्या. साठी उलटल्यावर त्या रात्रीच्या वर्गात जाऊन अक्षरे शिकल्या होत्या, आणि शिकलेले एक अक्षरही वाया जाऊ देत नव्हत्या. एस. टी. च्या पाट्या, दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, सगळे त्या मोठ्याने वाचत. माझ्या पडद्याखाली बोट धरून त्यांनी आपले नाव वाचले. मग बियाण्याचे नाव वाचले आणि थांबल्या.

"पोरी, भुरकीले उकार पयला. तू दुसरा देल्ला."

केतकीने पाहिले. खरेच तिने दीर्घ लिहिले होते. तिने ते दुरुस्त केले.

भुरकी ही त्यांची कपाशी. तिचा कापूस पांढरा नसतो, दुधाच्या चहासारखा असतो. धागा आखूड. बाजारात त्याला कोणी विचारत नाही. पण त्याच्या गादीत ढेकूण होत नाहीत, असे तानाबाई सांगत. लग्न होऊन सासरी निघाल्या तेव्हा आईने पदराच्या गाठीत सात बिया बांधून दिल्या होत्या. त्या सात बियांची भुरकी पन्नास वर्षे त्यांच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी होती. मग त्यांचा मुलगा अमर धुरासुद्धा पाकिटाच्या बियाण्याने पेरू लागला. तो वाईट माणूस नव्हता. "चार ओळीची जागा जाते, माय," एवढेच तो म्हणाला. तेव्हा तानाबाईंनी उरलेले सगळे बी एका कोलाम आदिवासी म्हाताऱ्याला नेऊन दिले. तो डोंगरावर पोडात राहत असे आणि उतारावर जुन्या पद्धतीने पेरत असे. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. तिथल्या दगडात भुरकी छान आली, असा निरोप त्याने पाठवला.

"माझे डोये मिटायच्या आत एकडाव माझ्या धुऱ्यावर पाहीन तिले," तानाबाई म्हणत. "अमरले अक्कल येऊ द्या. मंग आणतो."

त्यांना घाई नव्हती. बी कोणाकडे आहे ते त्यांना माहीत होते.

२००५ च्या संक्रांतीला नीळकंठरावांनी मुकुटबनच्या बाजारात बियाण्यांचा मेळा भरवला. आभा आणि जावई त्या वेळी पुण्याहून आले होते. जावयांकडे नवा कॅमेरा होता. त्यांनी बी सांभाळणाऱ्या एकसष्ट जणांचे फोटो काढले. परत जाताना फोटो माझ्यात ओतले, कॅमेरा मोकळा केला आणि ते पुण्याला गेले. आठ दिवसांनी तानाबाई केतकीच्या शेजारी बसल्या आणि कोण कोणता ते ओळखून देऊ लागल्या. केतकी एकेक फोटो फॉर्मच्या चौकोनात ठेवत गेली आणि जागा अडते म्हणून त्याची बाहेरची प्रत पुसत गेली. शेवटी तो कोलाम म्हातारा आला. पांढरे पागोटे, हातात तुंबा, डोळे कॅमेऱ्याकडे नाहीत.

"हाच. भुरकीवाला," तानाबाई म्हणाल्या.

"नाव काय यांचं?"

"नाव मी नाई घेत."

"काहून? भांडण झालं का आजी?"

"भांडण होईन त्याच्याशी! देवमाणूस हाय थो."

"मग नाव सांगा ना."

"नाई वं बाई."

"बरं, उखाण्यात घ्या," केतकी हसत म्हणाली.

तानाबाईंनी तिच्या पाठीत एक चापट दिली. "उखाण्यात नवऱ्याचं घेतेत, पोरी. पराया माणसाचं घेतलं तं लोक राहू देतीन का मले गावात? तू फोटो लाव. फोटो पाह्यला का सारा बाजार ओयखते त्याले."

पण नावाचा चौकोन रिकामा ठेवला की मी पुढे जाऊ देत नव्हतो. मला तसेच शिकवले होते. तीनदा मी टुंग केले. तेव्हा केतकीने भुरकीच्या नोंदीत, तानाबाईंच्या नावाच्या जागी, लिहिले, 'फोटो पाहा'. गावाच्या चौकोनात तानाबाईंनी सांगितले तसे लिहिले, 'वरचा पोड'. तानाबाईंनी बोट धरून वाचले, फो-टो-पा-हा, आणि त्या खूश झाल्या.

"अस्सं. आता बरोबर हाय."

त्या नाव का घेत नाहीत, हे केतकीने विचारले नाही. मला तर विचारताच येत नाही.

*

मित्रांनो, आता माझ्या दुखण्याबद्दल सांगतो.

कापूस वेचताना बाया कमरेला फडके बांधतात. त्याची ओटी होते. वेचलेला कापूस आधी ओटीत जातो आणि ओटी भरली की गंजीवर रिकामी होते. माझ्यातही तशा दोन जागा आहेत. एक गंजी, तिच्यात सगळे साठवलेले असते. दुसरी ओटी, तिच्यात हातातले काम असते. त्या ओटीला मेमरी म्हणतात. गंजीत कितीही असले तरी काम करताना ते ओटीत घ्यावे लागते, आणि माझी ओटी लहान होती.

केतकीने फॉर्म असा केला होता की तो उघडला की सगळ्या नोंदी एकाखाली एक दिसाव्यात. म्हणजे फॉर्म उघडताच फोटोही एका पाठोपाठ ओटीत घ्यावे लागत. फोटो मोठे होते. जावयांच्या कॅमेऱ्यातून निघाले तसेच ते आत आले होते, कोणी लहान केले नव्हते. शिवाय असा फोटो फॉर्ममध्ये चिकटवला की तो आत भिजवलेल्या हरभऱ्यासारखा फुगतो. मी आधी हळू झालो. फॉर्म उघडायला घातला की केतकी चहा ठेवून येई. मग चहा पिऊन येई. मग एके दिवशी फॉर्म उघडलाच नाही. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. तिचा अर्थ, हा फॉर्म उघडायला पुरेशी मेमरी नाही.

ती २००६ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. केतकी पहिल्या बाळंतपणासाठी ढाणकीला माहेरी गेली होती. संक्रांतीनंतर तानाबाईंना लकवा झाला होता. उजवे अंग गेले आणि वाचा गेली. मे महिन्याच्या शेवटी अमर बीजघरात आला. टोपी हातात धरून तो दारातच उभा राहिला.

"गुरुजी, माय रोज धुऱ्याकडे हात करते. रोज. मी म्हटलं, भुरकी पाह्यजे का? तं रडते. थे बी कोणाजवळ हाय ते तुमच्या डब्यात हाय म्हंते प्रेमिलाबाई, रातच्या वर्गाची मास्तरीण."

"तुला नाही माहीत कोणाकडे आहे?"

"मी कधी इचारलंच नाई जी."

नीळकंठरावांना हिशेब कळला. बी दोन हंगाम झाले होते त्या म्हाताऱ्याकडे. त्याने मधे पेरले नसेल तर तिसऱ्या वर्षी ते उगवेल याची खात्री नाही. आणि मृग आठ-दहा दिवसांवर आला होता. तानाबाई पुढचा मृग पाहतील असे त्यांच्याकडे बघून वाटत नव्हते. त्यांनी अमरला खुर्ची दिली आणि फॉर्म उघडायला घातला.

टुंग.

त्यांनी मला बंद करून पुन्हा सुरू केले. टुंग. बाकीची सगळी कामे बंद केली. टुंग. माझी पेटी उघडून जुन्या धोतराच्या फडक्याने धूळ पुसली, पंख्यातून एक मेलेली पाल काढली. अमर ते पाहून म्हणाला, "आता चालन." टुंग.

यवतमाळच्या स्वानंदला फोन लावला. तो संगणक दुरुस्त करायचा. फोनवरून तो सांगेल तसे नीळकंठराव करत गेले. निरुपयोगी फायली पुसल्या. गंजीतली थोडी जागा ओटी म्हणून वापरायला लावली. त्याने मी दहा मिनिटे कुरकुरत राहिलो, फॉर्मचा पिवळा रंग दिसला, ते वांग्यासारखे बोंड दिसले, आणि पुन्हा टुंग. मग वीज गेली. त्या वर्षी वीज दिवसातून कितीतरी तास जात असे. दुसऱ्या दिवशीही तेच झाले. अमर रोज येत होता. केतकीचे दिवस भरले होते, म्हणून तिला फोन करून त्रास द्यायला नीळकंठराव तयार नव्हते. आठव्या दिवशी स्वानंद स्वतः आला. तो जून महिन्याचा पाच तारखेचा दिवस होता, सोमवार.

स्वानंद हुशार होता. त्याने पाऊण तासात दुखणे शोधले.

"काका, फोटोंनी फुगला आहे हा. एकसष्ट फोटो. एकेक फोटो म्हणजे एकेक पोतं. हे काढले की फॉर्म पळेल."

"लहान नाही करता येणार?"

"येतील की. पण एकेक बाहेर काढून करावा लागेल, दोन दिवस जातील. नक्कल करून ठेवली असती, पण फ्लॉपीत मावणार नाही आणि सीडी लिहायची सोय तुमच्यात नाही. आणि एक वाजता लाईन जाते ना तुमच्याकडे? सांगा, फोटो ठेवायचे की काढायचे?"

नीळकंठराव विचार करत होते. तेवढ्यात आतल्या खोलीतला फोन वाजला. शोभाताई ओरडतच बाहेर आल्या, "अहो, मुलगी झाली! दोघी सुखरूप आहेत!" नीळकंठरावांचे डोळे भरून आले. त्यांनी अमरचा हात धरला, स्वानंदच्या पाठीवर थाप मारली. शोभाताईंनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. स्वानंदने साखर तोंडात टाकली आणि पुन्हा विचारले, "काका, फोटो?"

"काढून टाक रे," नीळकंठराव म्हणाले. "फोटो कायले पाह्यजेत? नावं आहेत ना."

स्वानंदने एकसष्ट फोटो पुसले. मग माझ्या नोंदी दाबून बसवल्या, म्हणजे पुसलेल्याची जागाही राहत नाही. एकला दहा मिनिटे कमी होती. त्याने फॉर्म उघडायला घातला.

पापणी लवायच्या आत फॉर्म उघडला. माझी ओटी हलकी झाली होती. इतका हलका मी नवा असतानाही नव्हतो.

नीळकंठरावांनी भुरकी शोधली. मी लगेच दाखवली. बियाण्याचे नाव, भुरकी. गाव, वरचा पोड. नाव, फोटो पाहा. आणि उजव्या हाताला फोटोचा मोठा चौकोन. तो रिकामा होता, राखेच्या रंगाचा.

अमरने विचारले, "काय लिवलं हाय जी?" एक वाजता वीज गेली.

*

केतकीला तीन दिवसांनी फोनवर विचारता आले. ती म्हणाली, "बाबा, नाव नव्हतंच. तानाआजींनी सांगितलंच नाही. फोटोच होता." पलीकडे बाळ रडत होते. ती पुढे काय बोलली ते नीळकंठरावांना ऐकू आले नाही, किंवा त्यांनी ऐकले नाही.

वरचा पोड कोणता, ते त्यांनी मुकुटबनच्या बाजारात विचारले. खालचे लोक डोंगरावरच्या प्रत्येक पोडाला वरचा पोड म्हणतात. पांढरे पागोटे बांधणारा म्हातारा कोलाम, असे सांगितले, तेव्हा एक जण म्हणाला, "असे पन्नास हायेत, गुरुजी. कोणता देऊ?"

आठ तारखेला अमरने तानाबाईंना जीपमधून बीजघरात आणले. दोघांनी उचलून त्यांना माझ्यासमोर बसवले. त्यांचे तोंड एका बाजूला ओढले गेले होते. पण डोळे तेच होते. त्यांनी डावा हात उचलला आणि माझ्या काचेवर, फोटोच्या चौकोनावर, बोट ठेवले.

"नाही राहिला तो," नीळकंठराव हळू म्हणाले. "आमच्याकडून पुसला गेला. तुम्ही नाव सांगा, तानाबाई. बोलता येत नाही, तर लिहा. तुम्हाला लिहिता येतं."

शोभाताईंनी पाटी आणली. डाव्या हातात लेखणी दिली. अमरने पाटी धरली. तानाबाई खूप वेळ पाटीकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी लिहिले. एकेक अक्षर मोठे, वाकडे, पण वाचता येण्यासारखे.

फोटो.

"माय, फोटो नाई! नाव लिव, नाव!" अमर मोठ्याने म्हणाला.

त्यांनी मान हलवली. अमरने पाटी पुसून पुन्हा दिली. त्यांनी पुन्हा तेच लिहिले. मग लेखणी खाली ठेवली, आणि ज्या हाताने लिहिले होते त्याच हाताने पदर कपाळापर्यंत ओढून घेतला. समोर कोणी वडीलधारे येऊन उभे राहिले असावे, तसा.

त्या पदराकडे कोणाचे लक्ष गेले नाही. मी पाहिले. पण मला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता.

पुढच्या शुक्रवारी तानाबाई गेल्या.

पुढचे मी पाहिले नाही. तेरवीहून परत आल्यावर नीळकंठराव माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून शोभाताईंना सांगत होते, ते मी ऐकले. जेवणे झाल्यावर अंगणात फोटोची गोष्ट निघाली. रूपसिंगच्या तांड्यावरची मानीबाई तिथे होती. ती तानाबाईंच्या वयाची, दोघी बरोबर वेचणीला जायच्या. तिने सगळे ऐकले आणि विचारले, "नाव घेत नोयती?"

"नाही."

"लिवलंबी नाई?"

"नाही."

"आन् तुमी इतले शिकलेले लोक!" मानीबाई म्हणाली. "बाई नाव घेत नाई म्हंजे काय, समजलं नाई तुमाले? सासऱ्याचं नाव असन थे. नाई तं भासऱ्याचं. अमर, आजाचं नाव काय रे तुह्या?"

अमर जागेवरून उठला. "बापूजी," तो म्हणाला.

बापूजी आत्राम दुसऱ्याच दिवशी सापडला. बापूजी म्हटल्यावर बाजारात तिसऱ्याच माणसाने पोड सांगितला. नीळकंठराव आणि अमर चढून गेले तेव्हा उतारावर भुरकी चार बोटे वर आली होती. म्हाताऱ्याने तुंब्यातले बी दर मृगाला पेरले होते आणि दर वर्षी तानाबाईंचा वाटा वेगळा फडक्यात बांधून ठेवला होता. या वर्षीचाही होता. तो म्हणाला, "बाईची वाट पाह्यली. मंग पाणी आलं, माह्या वाट्याचं पेरून टाकलं." अमरने ते फडके घेतले. पेरणीचे दिवस निघून गेले होते, तरी त्याने धुऱ्यावर सात बिया लावल्या. तीन उगवल्या.

निघताना बापूजीने नीळकंठरावांना एकच गोष्ट विचारली. मेळ्यात काढला होता तो त्याचा फोटो कुठे आहे. त्याचा तेवढाच एक फोटो काढलेला होता. नीळकंठराव म्हणाले, "आहे, बीजघरात आहे."

ते का म्हणाले, हे त्यांनी शोभाताईंना सांगितले नाही.

*

केतकी बाळाला घेऊन परत आली. तिने ती नोंद उघडली. 'फोटो पाहा' पुसून तिथे 'बापूजी आत्राम' लिहिले. खाली शेऱ्याच्या चौकोनात लिहिले, 'तानाबाईंनी नाव घेतले नाही.' नंतर बीजघरात नवा, लहान, घडीचा संगणक आला. माझ्यातले सगळे त्याच्यात गेले. एका काडीएवढ्या वस्तूत मावले. फोटो नव्हतेच, त्यामुळे वेळ लागला नाही.

दीड वर्षाने, हिवाळ्यात, एक बाई दोन मुलांना घेऊन डोंगरावरून आली. ती बापूजीची लेक. ती दारातच बसली आणि म्हणाली, "बाबाचा फोटो इथं हाय म्हणून सांगे थो. भिंतीले लावाले पाह्यजे." केतकीने तिला पाणी दिले. माझ्यावरचे कापड काढले, मला सुरू केले, आणि फॉर्म उघडला. तो लगेच उघडला. लेकीने राखेच्या रंगाचा चौकोन पाहिला. मुलांनीही पाहिला. धाकटा म्हणाला, "आजा नाई दिसत." केतकीने पुष्कळ शोधले. पुण्याला फोन केला, यवतमाळला केला. लेक संध्याकाळच्या एस. टी. पर्यंत बसली होती. मग गेली.

मित्रांनो, मला दुःख होते का, असे तुमच्यातल्या एका मुलीने मागे विचारले होते. मला काही होत नाही. ओटीत घेतलेले मी खाली ठेवतो आणि वीज गेली की विसरतो. म्हणून तुम्हाला सांगतो, कारण तुम्हाला होते. तुमच्या घरच्या यंत्रातही एक दिवस जागा कमी पडेल आणि पडद्यावर ती ओळ येईल. तेव्हा काहीतरी काढावे लागेल. जरूर काढा. पण ते कोणी ठेवले, त्या माणसाला आधी विचारा. तो माणूस दूर असेल तर थांबा. आणि एखादी म्हातारी तुम्हाला एखादी गोष्ट सांगायची नाही म्हणाली, तर का नाही, एवढे त्याच दिवशी विचारून घ्या.

मुकुटबनच्या तानाबाई शुक्रवारी, १६ जून २००६ रोजी सकाळी वारल्या. वरच्या पोडाचे बापूजी आत्राम शनिवारी, १९ जानेवारी २००८ रोजी वारले. त्यांचा फोटो नाही.